मुखरूभाऊचं चार्जिंग

सिंदेवाहीपासून दहा-बारा किलोमीटरवर, जंगलाला खेटून असलेल्या आंबेबोडीत मुखरू निकुरेच्या छातीतलं मशीन सगळ्या गावाच्या ओळखीचं होतं. डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, चुन्याच्या डबीएवढं. मुखरूचं हृदय मधूनच ठोका द्यायचं विसरायचं. ते विसरलं की हे मशीन आतून बारीक झटका देऊन त्याला कामाला लावायचं. नऊ वर्षांपूर्वी नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात ते बसवलं. पहिलं वर्षभर मुखरूने त्याला तळहातावरच्या फोडासारखं जपलं आणि नंतर इतका सैल झाला, की लग्नाच्या पंगतीत सदऱ्याची गुंडी सोडून पाहुण्यांना म्हणायचा, "लावून पाहा हात." वच्छलाला, त्याच्या बायकोला, हे मुळीच आवडायचं नाही. देवाने जे आत ठेवलं ते काय दाखवायचं, असं ती म्हणायची. देवाने नाही, सरकारी योजनेने ठेवलं, हे मुखरूचं उत्तर ठरलेलं असायचं.

सप्टेंबरच्या शेवटी दोघं तपासणीला नागपूरला गेली. मशीन तपासणाऱ्या माणसाने छातीवर एक चकती ठेवली, लॅपटॉपवरच्या रेघा पाहिल्या आणि म्हणाला, "काका, बॅटरी संपत आलीय. तीन-चार महिने सहज जातील, घाबरायचं काही नाही. अठरा नोव्हेंबर, मंगळवार, ही तारीख घ्या. अख्खं मशीनच बदलून टाकू."

"चार्ज नाई होत का जी हे?" मुखरूने विचारलं.

तो माणूस हसला. मनाने चांगला होता, पण हसला. "मोबाईल आहे का काका तो?"

ते हसणं मुखरूच्या जिव्हारी लागलं. नागभीड येईपर्यंत तो एसटीच्या खिडकीतून बाहेर पाहत राहिला. मग म्हणाला, "शहरातल्या लोकाइले दुरुस्ती येतच नाई वच्छले. त्याइले फक्त बदलणं येते."

आता यात त्याचं काय चुकलं? आंबेबोडीत कोणतीच वस्तू एका दमात मरत नाही. प्लास्टिकची खुर्ची तुटली तर तारेने शिवतात, पंपाची मोटर जळली तर पुन्हा गुंडाळतात. शेजारच्या बांधीचा, म्हणजे धानाच्या शेताचा, मालक पत्रू लोनबले तर मेलेल्या बॅटऱ्या उठवण्यात वस्ताद. शेतातल्या सोलरची बॅटरी झोपली, की तो ती उन्हात ठेवायचा, चांगल्या बॅटरीच्या तारा तिला दोनतीनदा नुसत्या टेकवून झटके द्यायचा, आणि निम्म्या बॅटऱ्या खरोखर उठायच्या. निम्म्या उठायच्या नाहीत, त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही.

घरी आल्यावर मुखरूने बॅटरी वाचवायला सुरुवात केली. सांगायला हसू येतं, पण पाहवत नव्हतं. आधी त्याने भजनाला जाणं सोडलं, कारण टाळ वाजवताना छाती धडधडते. मग बोडीपर्यंत, म्हणजे गावच्या तळ्यापर्यंत, चालत जाणं सोडलं. मग भांडणं सोडलं, आणि निकुऱ्यांच्या घरात एवढी शांतता पाहून शेजारणी विचारायला आल्या, की काही बरंवाईट तर नाही ना. रात्री तो मनगटावर बोट ठेवून ठोके मोजत पडायचा. वच्छला म्हणायची, "निजा ना जी, मोजल्यानं का वाढणार हाये?" तो म्हणायचा, "मोजलं नाई अन् थांबलं त?" एकुलती पोरगी रंजीता अहेरीला दिलेली, तिला फोन करून सांगावं तर तिकडे तीही रडत बसणार. वच्छला भाकरी थापायची, भांडी घासायची, आणि मधूनच हात थांबवून आतल्या खोलीतून त्याच्या खोकण्याचा आवाज येतो का ते ऐकायची.

दसरा झाला आणि धान निसवलं. लोंब्यांत दूध भरलं, की रानडुकरांना निमंत्रण द्यावं लागत नाही. सगळ्या गावाने बांध्यांना बारीक तार ओढली, धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, झटका मशीन लावलं. हे मशीन सोलरवर चालतं. दिवसभर ऊन खातं आणि दर सेकंदाला एक झटका तारेत सोडतं. डुक्कर मरत नाही, नुसतं बोंबलत पळतं. माणसालाही लागला तर शिवी निघते, जीव जात नाही. मुखरू म्हणाला, रात्रीच्या जागलीला मीच जातो. वच्छला नको म्हणाली, पत्रू नको म्हणाला. पण पत्रूचं मचाण शेजारीच होतं, आणि खाटेवर पडून ठोके मोजण्यापेक्षा हे बरं, असं शेवटी वच्छलालाच वाटलं. खरं सांगायचं तर तिलाही चार रात्री झोप हवी होती.

आणि नवल म्हणजे मुखरूला शेतात झोप लागू लागली. मशीनची टिकटिक दर सेकंदाला चालू असते, ती कानावर पडत राहिली की मनगट धरायची गरज वाटत नाही, असं त्याने तिला सांगितलं. "थे मोजते, मी निजतो." वच्छलाने त्या दिवशी मारुतीला नारळ फोडला.

तार चालू आहे की नाही हे पाहायची आमच्याकडे एक जुनी रीत आहे. हिरव्या गवताचं लांब पातं तोडायचं, एक टोक हातात धरायचं आणि दुसरं तारेला टेकवायचं. दहिवराने ओलं झालेलं गवत थोडासा करंट हातात आणतं, कोपरापर्यंत बारीक मुंग्या येतात. मुंग्या आल्या की तार चालू. मुखरू रोज हे करायचा, सगळेच करतात. एका सकाळी वच्छला चहाचा डबा घेऊन पोचली, तेव्हा तो बराच वेळ गवत टेकवूनच उभा होता. पाहता पाहता त्याचं तोंड राखेसारखं झालं, गवत हातातून सुटलं आणि तो धुऱ्यावर बसला. तिने डबा टाकला आणि धावली. पण ती पोचेपर्यंत त्याच्या गालांवर लाली चढली होती. कित्येक दिवसांत चढली नव्हती अशी. कपाळाला घाम, डोळे लख्ख.

"वच्छले," तो म्हणाला, "हात लाव अठी."

तिने छातीवर हात ठेवला. आत ठोके धाडधाड पडत होते.

"भरलं वो," मुखरू म्हणाला. "चार्ज झालं."

पत्रूला विचारलं. पत्रूने डोकं खाजवलं, आणि जाणत्या माणसाने जे करू नये ते केलं, म्हणजे 'माहीत नाही' असं न म्हणता विचार करून उत्तर दिलं. "होऊ शकते भाऊ. बिना वायरचे मोबाईल चार्ज होऊन राह्यले आता. अन् झोपलेल्या बॅटरीले झटकाच लागते. पहिल्या झटक्यात थे घेरी घेतेच. मंग उठते."

वच्छला तशी कोणाच्या बोलण्यात येणारी बाई नव्हती. तिने घरी येऊन पेटीतलं दवाखान्याचं कार्ड काढलं. त्यावर अक्षर न येणाऱ्यांसाठी चित्रं होती. वेल्डिंग करणारा माणूस, त्यावर लाल फुली. लोहचुंबक, फुली. मोठे भोंगे, फुली. सदऱ्याच्या डाव्या खिशातला मोबाईल, त्यावरही फुली. तिने कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं. शेताच्या तारेचं चित्र कुठेच नव्हतं. ज्यांनी चित्रं काढली त्यांच्या दारात रानडुक्कर येत नसावं, एवढं काही तिला त्या वेळी सुचलं नाही. तिला वाटलं, फुली नाही म्हणजे मनाई नाही.

मग ते रोजचं झालं. उजेड फुटून वाघाची भीती सरली, की वच्छला चहा घेऊन शेतात जायची. मुखरूला वाकलं की धाप लागायची, म्हणून गवत तीच विळ्याने कापून द्यायची. तो धुऱ्यावर ऐसपैस बसायचा, म्हणजे पडायचं भय नको. गवत तारेला टेकवायचा. तोंड पांढरं पडायचं, मान एका बाजूला कलायची, आणि ती मनात आकडे मोजायची. सहा, सात, आठ. गवत हातातून गळायचं, थोड्या वेळाने लाली यायची. लाली आली की तिचाही जीव भांड्यात पडायचा, आणि दोघं चहा प्यायची. गावात बातमी पसरली. येणारेजाणारे विचारायचे, "का मुखरूभाऊ, किती टक्के झालं?" मुखरू छातीवर हात ठेवून सांगायचा, "साठ झालं." तो पुन्हा हसू लागला होता. दिवाळीत दोनदा भांडलासुद्धा, एकदा करंजीत सारण कमी म्हणून आणि एकदा उगाच. वच्छलाला ते भांडण इतकं गोड लागलं, की तिने उलटून उत्तर दिलं नाही.

दिवाळीनंतर तो म्हणाला, "गवत लहान काप वच्छले. लांब गवतानं कमी येते." तिने एका वितीचं कापलं. आठ दिवसांनी तेही त्याला लांब वाटू लागलं. आता आकडे आठवर थांबत नव्हते, दहावर जात होते, बारावर. तिला भीती वाटायची. पण भीतीपाठोपाठ ती लाली यायचीच, रोज, न चुकता, आणि रोज खरं ठरणाऱ्या गोष्टीवर माणूस किती दिवस संशय घेणार?

गावची आशा सेविका इंदुताई शनिवारी घरी आली, मंगळवारच्या दवाखान्याचे कागद पाहायला. तिला हे चार्जिंगचं प्रकरण तेव्हा कळलं, कारण ती दसऱ्यापासून पोरीच्या बाळंतपणासाठी बाहेरगावी होती. तिने हातातले कागद खाटेवर टाकले.

"कोणाले विचारून करून राह्यले हे?"

"कार्डावर फुली नाई ना ताई," वच्छला म्हणाली.

"मले नाई समजत त्यातलं. मी नागपूरले फोन लावतो. तवरोक बंद ठेवा बाई, माह्यं ऐका."

त्या संध्याकाळी वच्छलाने मुखरूला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "तिले समजते का त्यातलं?"

"नाई समजत म्हणे."

"मंग? समजत नाई थ्याइनं बंद कराले सांगाव, अन् मले समजून राह्यलं तरी मी बंद कराव? तुले दिसते ना माह्या तोंडावर?"

दिसत होतं, हीच तर पंचाईत होती. ती जीव तोडून म्हणाली, "दोन दिवसाचाच तर सवाल हाये जी. मंगळवारी नवीन बसवतेत." तो म्हणाला, दोन दिवसांत संपली तर? तिने रविवारी सकाळी गवत कापलं नाही, विळा घरीच ठेवला. मुखरूने स्वतः वाकून तोडलं, धापा टाकत. ते पाहून तिला वाटलं, याच्यापेक्षा मी कापलेलं बरं. इंदुताई बोडीच्या पाळीवर, जिथे रेंज येते तिथे, दोनदा जाऊन आली. रविवार होता, नागपूरला कोणी फोन उचलला नाही.

सोमवारी सकाळी दहिवर खूप पडलं होतं. वच्छला पोचली तेव्हा पत्रू मचाणावरून उतरून बोडीकडे गेला होता. मुखरू खुशीत होता. उद्या पहाटेची गाडी पकडायची होती, पिशवी भरून तयार होती, त्यात त्याने नवा टॉवेलही ठेवला होता.

"आज जास्त भरा लागते," तो म्हणाला. "नागपूर दूर हाये. रस्त्यानं संपाले नाई पायजे."

"अर्धंच भरा जी."

"फुल करून घेतो. मंग कामच नाई त्याचं."

तिने चार बोटांचं गवत कापून दिलं. तो तारेजवळ सरकून बसला, गवत टेकवलं. तोंड पांढरं पडलं. मान कलली. पण आज तो मागे न जाता पुढे झुकला, आणि त्याचं उघडं मनगट तारेवर पडून राहिलं. दर सेकंदाला त्याची बोटं बारीक हलत होती.

वच्छला मोजत होती. आठ, नऊ, दहा. तिला ओढावंसं वाटलं. पण तो म्हणाला होता ना, आज जास्त भरायचं. बारा, तेरा. मध्येच काढलं आणि वाटेत संपलं तर तोच म्हणेल, तू काढलंस. ती त्याच्या गालांकडे पाहत राहिली. आता येईल लाली, आता येईल. वीस झाले. तिचं मोजणं कुठेतरी चुकलं, तिने पुन्हा एकापासून सुरू केलं.

मग तिने हाक मारली. नावाने मारली. लग्नाला बत्तीस वर्षं झाली होती, तिने त्याला आजवर नावाने हाक मारली नव्हती. तो हलला नाही. तिने त्याच्या काखेत हात घालून ओढलं, तेव्हा तारेचा झटका तिलाही बसला, एकदा, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. चौथ्या ओढीला तो तारेवरून सुटला आणि दोघं धुऱ्यावर आडवी झाली. तिने छातीवर कान लावला. टिकटिक ऐकू येत होती, ती झटका मशीनची होती. ओरड ऐकून पत्रू पळत आला, त्याने मशीनची तार तोडली. मग काहीच ऐकू आलं नाही.

पत्रूच्या जीपमधून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. जीपमध्ये ती त्याची छाती दाबत होती, चोळत होती, गाल थापटत होती. डॉक्टरांनी पाहिलं, अर्धा तास खटपट केली, आणि मान हलवली. तेवढ्यात इंदुताई मोटरसायकलवर मागे बसून आली. नागपूरला फोन लागला होता. ज्याने तपासलं होतं तोच माणूस बोलला होता. ती व्हरांड्यात वच्छलाजवळ बसली आणि ऐकलं तसं सांगू लागली, कारण न सांगण्यासारखं तिच्याजवळ काही उरलं नव्हतं.

"थे मशीन हृदयाचा ठोका ऐकत राह्यते म्हणे बाई. ठोका आला त चूप बसते, नाई आला त झटका देते. शेतातला झटकाई सेकंदाले एक येते ना. मशीनले वाटे, हृदय चालूच हाये. म्हणून थे चूप बसे, अन् मशीनबिगर त्याइचं हृदय आता चालतच नवतं. गवत सुटलं की मंग चालू होये. थे चक्कर म्हणजे भरून नवतं राह्यलं. बंद पडून राह्यलं होतं. लाली यायची थे मंग, रगत वापस आलं म्हणून."

वच्छला ऐकत होती. तिला आठवत होत्या त्या सगळ्या सकाळी, दसऱ्यापासूनच्या. तिने रोज गवत कापलं होतं, आणि लाली आली की रोज त्याच्यासोबत चहा प्याली होती.

पत्रू खांबाला डोकं टेकून उभा होता. "मीच सांगतलं त्याले," तो म्हणाला.

दुपारी डॉक्टरांनी वच्छलाला आत बोलावलं. ते हळू बोलत होते. "बाई, छातीतलं मशीन आम्ही काढून घेतलंय. चितेत राहिलं तर फुटतं, म्हणून काढावं लागतं." त्यांनी टेबलावर एक लहान पारदर्शक डबी ठेवली. त्यात ते होतं, पुसून स्वच्छ केलेलं. नऊ वर्षांत तिने त्याला कातडीवरूनच हात लावला होता.

"यातली बॅटरी संपली होती का साहेब?" तिने विचारलं.

डॉक्टरांनी इंदुताईकडे पाहिलं. इंदुताईने खाली पाहिलं.

"नाही," डॉक्टर म्हणाले. "नागपूरचे म्हणाले, दोन महिने तरी आहेत अजून. आत्ताही ते चालूच आहे."

वच्छलाने डबी उचलून कानाशी धरली. आतून कसलाच आवाज येत नव्हता. डॉक्टर म्हणाले, आवाज येत नाही, पण ते झटके देतंय, दर सेकंदाला.

"कोणाले देऊन राह्यलं?" ती म्हणाली.

तिने डबी कानापासून काढून डॉक्टरांपुढे धरली.

"बंद करा ना जी त्याले."

"इथे होत नाही बाई. त्याचं यंत्र नागपूरलाच आहे."

तिने डबी पदरात गुंडाळली आणि बाहेर आली. जीपमध्ये मुखरूला ठेवून झालं होतं, पत्रूने तिच्यासाठी पायाशी जागा केली होती. ती चढली, बसली, आणि दोन्ही हातांनी पदराची गाठ छातीशी घट्ट धरून राहिली.